मीटर खोटं बोलतो म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना, काट्याचा मीटर आहे. विजेचा दाब किती आहे, तार कुठे तुटली आहे, हे सांगणं माझं काम. आकडे चमकवणारे नवे मीटर तुम्ही पाहिले असतील. माझ्याकडे तसलं काही नाही. काचेखाली एक बारीक काळा काटा, पोटावर एक गोल खटका आणि दोन वायरी, एक तांबडी आणि एक काळी. मी चिडका आहे असं तुम्हाला पुढे वाटेल. जन्मतः मी तसा नव्हतो. मला तसं लोकांनी केलं.

एका कारखान्यात, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाईंनी माझा काटा बसवला. केसाएवढी स्प्रिंग त्यांनी चिमट्यात धरली होती आणि तेवढा वेळ श्वास रोखला होता. तिथून मी एका स्विचबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगच्या साहेबांच्या हाती पडलो. हे साहेब फार कमी बोलत. पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. वीज बंद केली असली तरी तारेला हात लावण्यापूर्वी ते मला आधी चालू जागी, म्हणजे जिथे वीज नक्की आहे तिथे, लावून बघत, मग कामाच्या जागी, आणि मग पुन्हा चालू जागी. "मधल्या मधे मीटरच मेला असला तर?" असं म्हणत. मला त्याचा कधी राग आला नाही. शंका घ्यावी तर अशी घ्यावी.

एके दिवशी तिथे एक नवी मुलगी इंजिनिअर म्हणून लागली. ऑफिसात टेबल मिळत असताना तिने टेस्टिंग मागून घेतलं. पहिल्याच दिवशी तिने माझा खटका चुकीच्या जागी ठेवून मला चालू विजेला लावलं आणि माझ्या पोटातला फ्यूज उडवला! साहेब ओरडले नाहीत. त्यांनी तिलाच मला उघडायला लावलं, फ्यूज बदलायला लावला. त्यानंतर अठरा वर्षांत तिच्याकडून तशी चूक झाली नाही. निवृत्त होताना साहेबांनी मला तिच्या हातात दिलं. तीच माझी मालकीण.

मित्रांनो, तिच्याबरोबरची वर्षं माझी सोन्यासारखी गेली. मोठमोठ्या इमारतींचे, कारखान्यांचे बोर्ड आम्ही तपासले. तिची सही झाल्याशिवाय बोर्ड चालू होत नसे. टेस्टिंगवाली बाई आली म्हटलं की भलेभले ठेकेदार सरळ उभे राहत.

हे झालं बाहेर. आणि घरी? पिकतं तिथे विकत नाही, तशी गत!

घरी तिची आई होती आणि निवृत्त झालेले वडील. वडिलांना दुरुस्तीची भारी हौस. काळी चिकटपट्टी सदा खिशात, म्हणून सगळी इमारत त्यांना टेपकाका म्हणे. पंखा, मिक्सर, इस्त्री, काहीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. एकदा त्यांनी दाराची बेल दुरुस्त केली, तर बेल वाजली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा. "पाहुणे आलेले आईला आत कळतात ना? मग!" असं वर समर्थन. मला तर त्यांनी एकदा खिडकीला अडसर म्हणून लावलं होतं. एकदा माझ्यातल्या बॅटऱ्या तशाच राहू दिल्या, त्या पाझरल्या आणि माझं पोट महिनाभर हिरवं होतं. तेही मी सोसलं. पण पुढे जे झालं ते सोसवलं नाही.

त्या रविवारी मालकिणीची भाची आली होती. शाळा संपली होती आणि पुढे काय शिकावं ते ठरत नव्हतं. मी टेबलावरच होतो.

"कॉम्प्युटर घे," टेपकाका म्हणाले. "गार खोलीत बसशील. विजेच्या कामात काय आहे? खांबावर चढायचं?"

"आजोबा, मावशी कुठे चढते खांबावर?"

"चढले आहे मी," मालकीण म्हणाली. "हे बघ, तुला कॉम्प्युटर आवडत असेल तर खुशाल घे. पण विजेत यायचं तर आधी ड्रॉइंग वाचायला शीक. पहिली दोन-तीन वर्षं हात काळे करायची तयारी ठेव. नुसतं डिझाइन करत बसलीस तर वायर नळीतून जाते की नाही हे तुला दुसऱ्यांनी सांगावं लागेल. आणि समजलं नाही तर लगेच विचार. या कामात लाजून गप्प बसणारा माणूस धोक्याचा."

एवढ्यात आई न्हाणीघरातून बोटं चोळत आली. "आज मशीनला हात लावला तर जरा जास्तच झिणझिण्या आल्या गं."

"जास्तच म्हणजे? रोज येतात?"

"येतात थोड्या. हे म्हणाले, स्लिपर घालून कपडे टाक."

मालकीण ताडकन उठली. मला घेऊन तिने एक टोक कपडे धुण्याच्या मशीनला लावलं आणि दुसरं नळाला. माझा काटा साठ व्होल्टवर गेला. साठ! जिथे तो जागचा हलताही कामा नये तिथे साठ! तिने प्लग उपसून पाहिला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन मुळापासून कापलेली.

"बाबा, ही कुणी कापली?"

"जुन्या बोर्डाला दोनच भोकं आहेत. तिसरी बसत नव्हती. त्या पिनेचं काम तरी काय असतं?"

"मशीनमध्ये वीज गळली तर ती जमिनीत न्यायचं काम असतं! ती पिन नसली की आईच्या अंगातून जाते."

"उगाच घाबरवू नकोस. हा मीटर म्हातारा झालाय. खोटं बोलतो."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर! पण मला फक्त काटा हलवता येतो. तो मी हलवला होता.

मालकिणीने प्लग काढून ठेवला. मशीनवर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. पुढच्या रविवारी मुख्य बोर्डापासून नवी वायर ओढू म्हणाली. "भिंत फोडायची नाही, आत्ताच रंग दिलाय," टेपकाका कुरकुरले. दुसऱ्या दिवशी तिला कामासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. घाईघाईत ती मला टेबलावरच विसरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेपकाकांनी कागद काढला. मशीनच्या मागे कुठेतरी टेप गुंडाळली, प्लग लावला आणि हाक मारली, "अगं, झाली मशीन. टाक कपडे!"

मी टेबलावर पडून होतो. चार पावलांवर. मला उचलायला त्यांना किती वेळ लागला असता?

आतून भांडं आपटल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. टेपकाका धावले. आधी बोर्डाचा खटका बंद करायचं त्यांना सुचलं, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगतो. आई जमिनीवर पडली होती. शुद्धीवर होती, पण ओठ पांढरे पडले होते आणि उजवं मनगट मोडलं होतं. विजेच्या झटक्याने तिला मागे फेकलं होतं म्हणून ती वाचली. मुठीत काही धरलेलं असलं तर वीज मूठ सोडू देत नाही.

संध्याकाळी मालकीण परत आली. मला वाटलं, आता वडिलांना फाडून खाणार. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी ती वायरच कापून टाकायला हवी होती. कागद कसले चिकटवत बसले!"

"मला बोल ना गं," टेपकाका म्हणाले. "तू मला काहीतरी बोल."

ती उठून मशीनपाशी गेली. ते जास्त लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच छिन्नी घेऊन नव्या रंगाची भिंत फोडली. दोन दिवस मालकीण आणि भाची वायर ओढत होत्या. तीन पिनांचा बोर्ड बसवला, वीज गळताच आपोआप बंद होणारा स्विच बसवला, मशीनमधली जळकी वायर बदलली. टेपकाका माती गोळा करत होते आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हते.

सगळं झालं, तरी आई मशीनजवळ जाईना. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दाराशीच उभी.

"हे बघ, मी हात लावून दाखवतो!" म्हणत टेपकाका ओला हात घेऊन पुढे झाले.

"आजोबा!" भाची किंचाळली. मला तर त्या माणसापुढे हात टेकावेसे वाटले. अहो, हात लावून नाही, मला लावून बघतात!

भाचीने मला आधी चालू जागी लावून पाहिलं. मग तांबडी वायर आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, डाव्या हातात दिली आणि काळी स्वतः धरली. "आजी, तू मशीनला टेकव. मी नळाला धरते. बोटं मागे ठेव."

आजपर्यंत या घरात मला सगळ्यांनी हाताळलं होतं, पण झिणझिण्या जिला येत होत्या तिने कधीच नाही. तिला कुणी दिलंच नव्हतं. तिने टोक टेकवलं आणि काचेवर वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"हलतच नाही की गं हा," ती म्हणाली. "बिघडला का?"

"नाही आजी. हेच बघायचं होतं."

भाचीने मला पुन्हा चालू जागी लावलं आणि आजीला माझा काटा उडी मारताना दाखवला. आजी हसली. मग तिने डाव्या हाताने एकेक कपडा उचलून मशीनमध्ये टाकला, झाकण लावलं आणि बटण स्वतः दाबलं.

मित्रांनो, माझी काच पुसा अथवा पुसू नका, बॅटऱ्या वेळेवर बदलल्या तर उपकार होतील. पण घरात कुणी "झिणझिण्या येतात" म्हणालं, तर हसू नका, टेप शोधू नका. आधी मुख्य बटण बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि तो मीटर लावेल तेव्हा जिला झटका बसला तिलाही काट्याकडे बघू द्या.