दोलमुलच्या फाटकावरचे पातेले

मी एक जुने बिडाचे पातेले आहे. माझी कड एका बाजूला तडकली आहे, आणि बुडाची काजळी खरवडण्याच्या भानगडीत आता कोणी पडत नाही.

मित्रांनो, कोरियाच्या जेजू बेटावर, डोंगराकडच्या एका गावात मला ओतले. तिथून बैलगाडीने मी दोलमुलला, समुद्रकाठी आले. गावात लग्न असो की मयत, माझ्यात डुकराची हाडे उकळत आणि त्यात समुद्रातले शेवाळ पडे. ते शेवाळ आणणाऱ्या पाणबुड्या बायकांत बू मालसुन सर्वांत तरबेज. दम रोखून ती खोल बुडी मारी, आणि वर आली की थेट माझ्यापाशी येऊन हात शेकी.

पुढे गॅस आला, चकचकीत भांडी आली. माझी रवानगी गोदामात झाली. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. वर्षे गेली. मालसुनची आजी झाली.

मग नौदलाचा तळ आपल्या किनाऱ्यावर होणार, अशी बातमी आली. ज्या काळ्या कातळावर बायका पाण्यातून चढून येत, त्यावर काँक्रीट पडणार होते. मूठभर लोकांनी बैठकीत होकार दिला. बाकीच्या गावाला कोणी विचारलेही नाही. दुसऱ्या सकाळी आजी गोदामात आली.

"ऊठ बाई, पुरे झालं उबवणं," ती माझ्यात बसलेल्या कोंबडीला म्हणाली आणि तिने मला बाहेर ओढले.

बांधकामाच्या फाटकासमोर तीन दगडांवर मला चढवले. "उपाशीपोटी ओरडलं तर आवाज निघत नाही," आजी म्हणायची. धरणे धरणारे सगळे माझ्यातले जेवत. आजीची जाऊ इन्सुक मात्र मान फिरवून निघून जाई. तिच्या मुलाला त्याच बांधकामावर काम लागले होते. एका घरातल्या दोन बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, याचे मला फार वाईट वाटे.

अशा दिवसांत लांबची माणसे येऊ लागली. जपानच्या ओकिनावा बेटावरचा एक म्हातारा आला. त्याच्याही गावाशेजारी तळ होता. फिलिपिन्सहून लिगाया आली. ती सुकी मासळी विकायची. तिच्या लहानपणी तिच्या किनाऱ्यावर परदेशी लढाऊ जहाजे उभी असत. तिला आमची भाषा येत नव्हती. आजीने तिच्या हाती पळी दिली, तर तिने कुठलेसे आंबट फळ माझ्यात पिळले.

"सगळं आंबट केलंस की गं," आजी म्हणाली आणि दोन वाट्या प्यायली.

एका सकाळी पोलीस आले. त्यांनी धरण्याचा मंडप उखडला. एक तरुण अधिकारी आजीपुढे उभा राहिला.

"आजी, पातेलं सोडा. मला वरून हुकूम आहे."

"मलाही वरूनच आहे. माझ्या सासूचा. सगळे जेवल्याशिवाय चूल विझवायची नाही. तू जेवलास का?"

त्याने मान खाली घातली. पण बाकीच्यांनी आजीला उचलून बाजूला केले. तेव्हा लिगायाने मला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी अजून गरम होते, तरी तिने हात काढले नाहीत. शेवटी तिला ओढून गाडीत घातले आणि मला ट्रकात फेकले. तेव्हाच माझी कड तडकली. लिगायाला देशाबाहेर पाठवले आणि परत येण्याची बंदी घातली.

आजी रोज पोलीस ठाण्यात जाऊन बसू लागली. "माझं पातेलं द्या," एवढेच म्हणे. तिकडे लिगायाच्या गावच्या कोळणी आमच्या वकिलातीसमोर रिकामी पातेली बडवत उभ्या राहिल्या. त्यांचा फोटो बघून आजी हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. ठाणेदाराने मला परत केले. कंटाळून की लाजून, कोण जाणे.

तळ झालाच, मित्रांनो. कातळ गेला. तरी दुपारचे जेवण फाटकावर शिजणे थांबले नाही.

मग कळले की लिगायाच्या किनाऱ्यावरही आता तळ वाढवणार आहेत आणि कोळ्यांना घरे सोडायला सांगितले आहे. आजी कधी विमानात बसली नव्हती. तिने पिशवी भरली.

"या वयात कशाला जातेस?" इन्सुकने विचारले. बऱ्याच वर्षांनी ती बोलली होती.

"ती आली तेव्हा तिला कोणी बोलावलं होतं?"

"आणि हे कोण ढवळणार?"

आजीने पळी तिच्या हातात ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दुपारी इन्सुकने चूल पेटवली. पहिल्या दिवशी मीठच विसरली, पण सगळ्यांनी वाट्या संपवल्या. काही दिवसांनी फोन आला.

"यांचं पातेलं अल्युमिनियमचं आहे," आजी सांगत होती, "सारखं बुडाला लागतं. माणसं मात्र आपलीच आहेत."

इन्सुकने फोन माझ्याजवळ धरला. "हे ऐक," ती म्हणाली, "तुझं उकळतंय."

मित्रांनो, मला मिठी मारणाऱ्या हातांवर भाजल्याचे डाग राहिले असतील. ते ऋण माझ्याने फिटायचे नाही, आणि फिटावे असेही वाटत नाही. तुमच्या घरी असे एखादे जुने भांडे असेल, तर त्याला साबण लावू नका. धुऊन कोरडे करा, तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्या गावावर वेळ आली, की लांबून कोणीतरी येईल. त्याला तुमची भाषा येणार नाही. त्याला आधी जेवायला वाढा. नाव मागून विचारता येते.