बुटकीचे बुश

गाडीच्या मागच्या बाजूने 'टक्' असा आवाज येतोय, हे बाबांनी आधी ओळखलं. थोरलीला तो ऐकू यायला आणखी दोन दिवस लागले. वास्तविक गाड्यांचं काम करायची ती. एका मोठ्या गॅरेजात गेली बारा वर्षं ती फक्त सस्पेन्शन बघत होती आणि तिच्या हाताखालून गेलेली गाडी परत तक्रार घेऊन आली, असं क्वचितच व्हायचं. पण बाबांच्या कानांपुढे तिने केव्हाच हात टेकले होते.

बाबा कारखान्यात टर्नर होते. एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले. त्यांना तिथे सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे, आणि घरीही ते तसेच वागायचे. पावाचे काप कमीजास्त जाडीचे झाले की आई पुढे होऊन म्हणायची, "आणा पट्टी, मोजा आणि मग खा."

बुटकी ही त्यांची दोन सीटांची स्पोर्ट्स कार. भंगारातून उचलून आणलेली. बाबांनी तिला दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवलं, स्प्रिंगा आखूड केल्या आणि चार बोटं खाली आणून ठेवलं. तेव्हापासून तिचं नाव बुटकी. रस्त्यावर पडलेली काडेपेटीसुद्धा सीटवर बसल्याबसल्या कळायची. आई त्या गाडीत आयुष्यात दोनदा बसली आणि दोन्ही वेळा कंबर धरून उतरली.

थोरलीने गाडी उचलून खाली दिवा धरला. मागच्या दोन्ही बाजूंचे बुश गेले होते. चाक धरून ठेवणारा लोखंडी आर्म गाडीला जिथे जोडला जातो, तिथे मध्ये ही जाड कडी असते. रस्त्याचा धक्का आधी तिने खायचा असतो. बाबांनी आठ वर्षांपूर्वी बसवलेल्या कड्यांचे कडेने टवके उडाले होते. पुढचेही फार दिवसांचे सोबती नव्हते. आठही बदलायला हवे होते.

एरवी हा एका सुट्टीच्या दिवसाचा खेळ. पण चार महिन्यांपूर्वी बाबांच्या पाठीच्या मणक्यांत कॅन्सर पसरलेला सापडला होता. डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरून थोरलीला आणि आईला दाखवला होता. "मणके भुसभुशीत झालेत," त्या म्हणाल्या होत्या. "घसरणं, आदळणं, गचका, काही होता कामा नये. एक मोडला तर पाय जातील."

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यांचं एकच टुमणं होतं: तळ्याकडचा वळणांचा रस्ता बुटकीतून एकदा. चालवता येणार नव्हतंच. थोरलीने चालवायची, ते शेजारी बसणार.

तिने दुकानातून दोन नमुने आणले आणि जेवायच्या टेबलावर ठेवले. एक काळा, रबराचा. दुसरा जांभळा, कडक प्लास्टिकचा, शर्यतवाले वापरतात तसला.

"ताटं कुठे ठेवू? ह्यांच्यावर?" आईने विचारलं.

बाबांनी काळा बुश उचलला, अंगठ्याने दाबला आणि खाली ठेवला. जांभळा दाबला, नखाने टोकरला, उजेडाकडे धरून आतून बघितला. "हा."

"बाबा, रबर घेऊ या," थोरली म्हणाली. "आवाज थांबेल, धक्काही कमी बसेल. वळणावर थोडी सैल वाटेल, एवढंच."

"एवढंच? वळणावर सैल वाटली तर राहिलं काय तिच्यात? मग टॅक्सीने ने ना मला."

"टॅक्सीनेच जा," आई म्हणाली. "नाहीतर जाऊच नका. तळं काय पळून चाललंय?"

"तळं नाही चाललेलं," बाबा म्हणाले.

आई उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

थोरली बाबांना "बरं, जांभळे" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आठ काळे घेऊन आली. मंगळवारी आई बाबांना घेऊन इस्पितळात गेली तेव्हा तिने गॅरेजात गाडी उचलली, जुने बुश प्रेसवर दाबून काढले आणि नवे बसवले. रबराचं एक असतं, बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून; लटकत असताना आवळला तर रबर पिळून राहतं आणि महिन्याभरात फाटतं. तिने सगळं नीट, वेळ घेऊन केलं. फसवणुकीचं काम इतकं निगुतीने करतोय आपण, असं मनात येऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांना वाकून गाडीखाली बघता येत नव्हतं, त्यामुळे कळायचा प्रश्न नव्हता.

शनिवारी सकाळी ती त्यांना घेऊन निघाली. पाठीशी दोन उशा, मानेला पट्टा. तळ्याच्या रस्त्याला पहिलं डावं वळण आलं, तिने गाडी वळवली आणि बाबांनी डोळे मिटले.

"काय बसवलंस?"

"जांभळे."

दुसरं वळण गेलं.

"पुढचं टोक आत जातं आणि मागचं विचार करत बसतं," बाबा म्हणाले. "रबर आहे. बाजूला घे."

तिने गाडी बाजूला घेतली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"औषधंही अशीच देतेस का? डबीवर एक आणि आत एक?"

"बाबा, तुमच्या पाठीसाठी…"

"पाठ माझी आहे. घरी चल."

त्यानंतर आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ती खोलीत आली की भिंतीकडे तोंड करायचे. गोळ्या आईच्या हातूनच घ्यायचे आणि आधी पाकिटावरचं नाव वाचायचे. हे तिला सर्वांत जास्त लागलं. लहानपणी ज्या माणसाने तिच्या हातात पहिला पाना दिला, बोल्ट आडवा चढवला म्हणून तासभर बोलला आणि नीट बसवल्यावर नुसती मान हलवली, त्याच्या लेखी ती आता खोटारडी होती. रात्री ती स्वतःला समजवायची की रुसवा परवडला, मोडलेला मणका नाही. सकाळी त्यांची पाठ बघितली की ते समजावणं पार विरघळून जायचं.

नवव्या दिवशी तिने जांभळे आणले. आईला सांगितलं नाही. काम झाल्यावर एक काळा, काढलेला बुश तिने बाबांच्या उशाशी आणून ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, चाचपला.

"ग्रीस भरलंस?"

"भरलं."

"कंपनी देते तेच ना? साधं घातलं तर करकरतात."

"तेच."

त्यांनी मान हलवली. थोरली न्हाणीघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा निघाले. आईला वाटलं, गाडीत अजून रबरच आहे. तिने उशा स्वतः लावून दिल्या. तळ्याच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला बाबा म्हणाले, "हां. आता बोलली." मग ते बोलतच सुटले. कुठे गिअर उतरवायचा, कुठे पाय सोडायचा, "आता दे, आता दे, घाबरतेस काय!" त्यांचा एक हात दाराच्या कडेवर होता आणि बोटं इंजिनाबरोबर थरथरत होती. दहा मिनिटं ते आजारी नव्हते. थोरलीही हसत होती.

परतीच्या वाटेवर पूल लागला. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी पट्टी असते, ती तिला दिसली होती. तिने वेग अगदी माणूस चालेल इतका कमी केला. पुढची चाकं गेली, मागची गेली. एवढ्या हळू गेलेल्या गाडीच्या त्या गचक्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडची गोष्टही थांबली नसती. बाबांच्या तोंडून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, छातीतली हवा एकदम बाहेर पडल्यासारखा.

तिने गाडी थांबवली.

"पाय," ते म्हणाले. "बघ गं, पाय आहेत का माझे."

रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होती आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

इस्पितळाच्या जिन्यात आईने तिला गाठलं. "रबर होतं ना?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. "नव्हतं," ती म्हणाली. "बदलले होते मी."

"तुला माहीत होतं. मला नसेल कळत गाड्यांतलं, पण तुला सगळं माहीत होतं."

"त्यांनी बोलणं टाकलं होतं, आई."

"टाकू द्यायचं होतं!" आई म्हणाली आणि कठडा धरून वर निघून गेली.

पाय परत आले नाहीत. बाबांना घरी आणलं, भाड्याचा पलंग आणला, नळ्या आल्या, दर दोन तासांनी कूस बदलायचं आलं. कूस थोरली आणि आई मिळून बदलायच्या. एकमेकींशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलायच्या. बुटकी तिने दुसऱ्या गावच्या एका माणसाला देऊन टाकली. बाबांनी गाडीबद्दल पुन्हा विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात, एका दुपारी, ती त्यांच्या टाचांना तेल लावत होती. त्यांना ते कळत नव्हतं, तरी लावायची.

"माझं ऐकायला नको होतंस," बाबा म्हणाले.

तिचा हात थांबला. "तुम्हीच म्हणालात…"

"म्हणालो. आजारी माणूस काय वाट्टेल ते म्हणतो. तू शहाणी होतीस. रुसलो होतो, मेलो नव्हतो. आणखी पंधरा दिवसांत बोललो असतो." ते छताकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. माप चुकल्यावर कामगाराला सांगावं, तसं सांगत होते. "चालत संडासला तरी गेलो असतो."

तिने तेलाची बाटली बंद केली. त्या दहा मिनिटांचं काय, असं तिला विचारायचं होतं. पण उत्तर काय येईल याची भीती वाटली, म्हणून विचारलं नाही. नंतर विचारू म्हणता म्हणता बाबांची शुद्ध जायला लागली आणि नवव्या आठवड्यात ते गेले.

माणसं येऊन गेली. घर रिकामं झाल्यावर थोरलीने पलंगाची चादर काढून घडी घातली. आई दारात उभी होती. थोरली तिच्याकडे बघत राहिली. शिवी द्यावी, जवळ घ्यावं, काहीही चाललं असतं तिला.

"उद्या पलंग न्यायला येणार आहेत," आई म्हणाली. "आठला. दार तू उघड, मला त्या माणसाशी बोलायचं नाही."

"बरं," थोरली म्हणाली आणि पलंगाचे नट सैल करायला खाली बसली.