वर कोणी राहत नाही

बाकावरच्या कागदावर वरून पाण्याचा थेंब टपकला, तसा गेनोवेफाबाईंनी तो एप्रनच्या टोकाने चटकन टिपून घेतला.

"छत गळतं," त्या म्हणाल्या.

आभाळ लख्ख निरभ्र होतं. व्रोना नावाच्या त्या सरकारी माणसाने मान वर केली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत ओली चादर वाळत होती.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही."

व्रोना सकाळपासून स्थानकाच्या शतकभर जुन्या भिंतींना फीत लावत होता, कमानींचे फोटो काढत होता. वारसा जपायचा म्हणे. फलाट झाडण्याच्या निमित्ताने बाई त्याच्यावर नजर ठेवून होत्या. असली गोड भाषा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. नदीपलीकडून गाडी आली की याच फलाटावर कस्टमवाले हसत हसत बायकांच्या कोटांची अस्तरं उसवायचे. तेव्हापासून सरकारी माणसाने काहीही विचारलं तरी अख्ख्या गावाला एकच उत्तर पाठ होतं: नाही.

रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा नवरा वारल्यापासून एकोणीस वर्षं त्या वरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. कागदपत्र एकही नव्हतं. याला कळलं की घर गेलंच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"तिकीट खिडकीतल्या बाईही तेच म्हणाल्या," व्रोना म्हणाला. "टॅक्सीवालाही. अगदी याच शब्दांत."

"मग? खऱ्याला दुसरे शब्द कुठून आणायचे?"

तो हसला नाही. त्याने फॉर्म पुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून नाव, पत्ता लिहा आणि खाली सही करा. रिकामा मजला कार्यालयाला जाईल. कोणी राहत असतं, तर नियमाने खोल्या त्यांच्याच नावावर कराव्या लागल्या असत्या. भाडं भरायचं, हयातभर राहायचं."

आमिष दाखवतोय मेला, बाईंच्या मनात आलं. त्यांनी त्याचा चेहरा न्याहाळला, मग बूट. कस्टमवाल्यांचे बूट आरशासारखे चकाकायचे. हे चुन्याने पांढरे झालेले, एकाची नाडी तुटून गाठ मारलेली. पण बूट काय, मुद्दामही मळवता येतात.

त्यांनी नाव लिहिलं. पुढचा रकाना पत्त्याचा होता. तिथं पेन थबकलं.

आणखी एक थेंब कागदावर पडला. व्रोनाने तो पुसला नाही. फॉर्म तेवढा थेंबांखालून बाजूला सरकवला. बाईंना भीती वाटत होती. एवढ्या आयुष्यात कुठल्याही सरकारी माणसाला त्यांनी खरं सांगितलं नव्हतं.

त्यांनी पेनला टोपण लावलं.

"वर चला," त्या म्हणाल्या. "बिटाचं सूप केलंय. पत्ता तिथं बसूनच लिहिते."

व्रोनाने फीत गुंडाळून खिशात टाकली. दोघं जिन्याशी पोचतात न पोचतात, तोच तिकीट खिडकी खाडकन उघडली आणि तिकीट विकणाऱ्या रिशार्दाबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"अहो साहेब, तिकडे कुठे? वर कोणी राहत नाही."