कौल लावण्याआधी

प्रेमलतानं गाडीची काच खाली केली, वर केली, आणि लगेच पुन्हा खाली केली. बाहेर बघण्यासारखं काही होतं असं नाही. हाताला चाळा हवा होता.

रामचंद्र मात्र मजेत होता. उभी हयात एस.टी.चं वेळापत्रक सांभाळलेला हा ड्रायव्हर रिटायर झाल्यावर गाडी इतकी हळू हाकू लागला होता की मघाशी एक कोंबडी तिच्यासमोरून रमतगमत रस्ता ओलांडून गेली. खाडीतलं बेट, त्याचं हे निर्मनुष्य टोक, दोन्हीकडे काजू आणि पुढे समुद्र. "नुसतो फेरफटको," असं कुडाळहून निघताना तो म्हणाला होता. नुसत्या फेरफटक्याला कोणी पिशवीत नारळ घेतं? इथल्या देवाचा कौल मिळाला की जागा घ्यायची, घर बांधायचं आणि उरलेलं आयुष्य इथं काढायचं, हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं.

"हॉर्न नाय, घंटी नाय," तो म्हणाला. "कशी शांतता आसा बघ!"

"आसा," ती म्हणाली, आणि मोबाइलला रेंज आहे का ते पाहिलं. नव्हती.

रस्ता संपला तिथं राखणदार देवाची छोटी घुमटी होती. बाळा गुरव वाटच बघत होता. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की देवाचा होकार. त्यानं पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि हात थांबवला.

"घरात एकमत आसा मां? नायतर देव कौल देवचो नाय. वयनी, तुमी काय म्हणतास?"

"तिचा काय?" रामचंद्र हसला. "ती हो म्हणतली."

"तिका बोलांदेत," गुरव म्हणाला.

प्रेमलतानं पदर सारखा केला. नवऱ्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून ती पाषाणाकडे बघून बोलली.

"माका हंय रवाचा नाय, देवा. हे वस्तीची गाडी घेवन गेले काय रातभर मी घरात एकटी. अख्खो जलम तसोच गेलो. माझी शांतता भोगून झाली. आता माका शेजार होयो, बाजार होयो."

रामचंद्राचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, मग गेलं.

"लावू?" गुरवानं पाकळी उचलली.

रामचंद्रानं त्याचं मनगट धरलं.

"नको रे बाळा. आता देवाक काय इचारूचा?"

नारळ तेवढा त्यानं देवापुढे ठेवला.

गाडीत बसल्यावर त्याचा चेहरा पार उतरला होता. प्रेमलताला त्याची दया आली, आणि कित्येक दिवसांनी हलकंही वाटलं. त्यानं किल्लीला हात घातला.

"जावया?"

तिनं चपला काढून पाय वर घेतले.

"घाय कसली? इलाव तर बसया वायच."