कूलरच्या पाण्यातला पुनर्जन्म

त्या रविवारी अमळनेर तालुक्यात मृत्यूचा पराभव झाला. पराभूत पक्षातर्फे एक वाळकं रोप हजर होतं.

पितांबर महाराजांनी ते परातीतल्या तीर्थात सोडलं. तीन तास भजन झालं आणि रोप हिरवं! मंडप रडला. मी घड्याळ पाहिलं.

महाराज प्रत्येक भक्ताला सातपुड्याच्या कातळावरल्या डबक्यातलं ओलं रोप देत. घरी वाळवायचं, महिन्याने आणायचं. तीर्थात जगलं, तर रोग गेला.

शेजारच्या लताबाईंचं जगलं नाही. त्यांच्या नवऱ्याची, रतिलालभाऊंची, मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस.

"श्रद्धा कमी पडली, अक्का," महाराज पान चघळत म्हणाले. "मशीन बंद. रोज चार तांबे तीर्थ पाजा."

डॉक्टरांनी दिवसाला तीन पेले पाणी ठरवून दिलं होतं. चार दिवसांत भाऊंचे पाय केळीच्या खांबासारखे सुजले, धाप लागू लागली.

"आनि त्या तोतारामनं रोप जगनं!" लताबाई आमच्या ओट्यावर फुटल्या. "बेवडा शे तो! रोप कोठीमागे टाकी भुली गयथा. मी पत्रावर कुरडयाससंगे, हात जोडी वाळाडं!"

माझी बहीण सुलक्षणा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने कप खाली ठेवला. "त्याचं कोठीमागे विसरलेलं आणि तुमचं पत्र्यावर? मे महिन्यात?"

दुसऱ्या सकाळी ती दोन पातेली आणि लताबाईंना घेऊन मंडपात गेली. एकात महाराजांचं तीर्थ आणि पत्र्यावरच वाळलेलं दुसऱ्या एका भक्ताचं रोप. दुसऱ्यात आमच्या कूलरचं पाणी आणि कुणाच्या तरी फडताळात वाळलेलं रोप.

दुपारी तीर्थातलं बुळबुळीत झालं होतं. कूलरमधलं हिरवंगार.

"पाणी आटू लागलं की हे रोप खास प्रथिनं बनवतं," सुलक्षणा म्हणाली. "ती वाळलेल्या पेशींना आतून सांभाळतात. सावलीत दहा दिवस वाळलं, तर ती बनवायला सवड मिळते. पत्र्यावर एका दुपारीत करपतं. तुमची श्रद्धा नव्हे, लताबाई, उन्हात वाळवणं चुकलं."

"कूलरमध्येही देवच आहे!" महाराज गरजले.

"मंग कूलरनाच पाय पडूत ना, महाराज," मागून तोताराम बोलला. तो शुद्धीत होता.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: हा फसतो कधी? ते कुणीच विचारलं नाही, म्हणून आधीच दुर्मीळ असलेल्या त्या वनस्पतीची डबक्यात आता सात रोपं उरलीत.

रतिलालभाऊंना त्याच दुपारी धुळ्याला नेलं. मशीनने त्यांच्या अंगातून चार लिटर पाणी काढलं.

सगळं तीर्थ होतं.