नेल्केबाईंच्या डोक्याखाली

मी एक जुनी उशी आहे.

थांबा. एवढ्यात हळहळू नका. जुनी वस्तू बोलू लागली की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, माझा रंग विटला आहे, एका कोपऱ्यातून माझ्या पोटातले घोड्याचे केस बाहेर डोकावतात. पण मी रडायला आलेले नाही. मी भांडायला आले आहे.

आधी गुडघे

हॉलंडमधल्या आमच्या गावात सगळ्यांचं पोट ट्यूलिपच्या कंदांवर चालतं. तिथल्या चर्चमध्ये लोकांना गुडघे टेकता यावेत म्हणून मला शिवलं. लाल मखमल, आत घोड्याचे केस, दाबून दाबून भरलेले. माझ्यावर नवरीचे गुडघे टेकले, विधवेचे टेकले, चुळबुळ्या पोरांचे टेकले. सगळे म्हणत, "ही उशी चांगली आहे, टोचत नाही."

मग माणसं कमी येऊ लागली. मग येईनाशी झाली. बाकं एका कॉफीघराने नेली. मला कुणी नेलं नाही.

मग दार

रिकाम्या चर्चचा हॉल पिलाटेस नावाचा व्यायाम शिकवणाऱ्या एका संस्थेने भाड्याने घेतला आणि योरिंदा नावाच्या तरुण मुलीकडे सोपवला. तिला मी कपाटात सापडले. तिने मला उचललं, झटकलं आणि वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडकण म्हणून लावलं.

दाराशी पडून मी तिचे वर्ग ऐकत असे. ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण ती गप्पच बसत नसे. "पोट आत! खांदे खाली! श्वास सोडा! बरगड्या मिटा! आणि सैल राहा!" लोक कुठला अवयव आधी हलवायचा या विचारात लाकडासारखे पडून राहत.

एके दिवशी नेल्केबाई आल्या. सगळं आयुष्य त्या कंदांच्या गोदामात सरकत्या पट्ट्यासमोर वाकून नासके कंद वेचत उभ्या होत्या. पाठ तशीच राहिली होती, वाकलेली. त्या चटईवर उताण्या झोपल्या तेव्हा डोकं मागे लोंबलं, हनुवटी छताकडे गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या. योरिंदाने दोन्ही हातांनी त्यांचे खांदे खाली दाबले.

"सरळ, नेल्केबाई. आणखी सरळ."

"अगं पोरी, मी काय इस्त्रीचा शर्ट आहे?" त्या कुशीवर वळून उठल्या आणि बूट शोधू लागल्या. "दुखून घ्यायला घरी पलंग आहे माझा. तिथे फुकटात दुखतं."

योरिंदाचा चेहरा उतरला. आणि मग, मी दाराशी आल्यापासून पहिल्यांदाच, तिने समोरच्या माणसाला काहीतरी विचारलं.

"तुम्हाला नक्की काय हवंय?"

"सायकल चालवायचीय. मला पुढचं चाक दिसतं, रस्ता दिसत नाही. मुलगी म्हणते, विकून टाक. मी म्हटलं, आधी तुझी गाडी वीक."

योरिंदा हसली. तिने वाकून त्यांची मान नीट पाहिली. मग दाराशी आली.

दार धाडकन आपटलं.

मग डोकं

तिने मला नेल्केबाईंच्या डोक्याखाली सरकवलं. "अशी चालेल? की थोडी खाली घेऊ?" हनुवटी खाली आली. गळा सैल पडला. त्यांनी एक लांब श्वास घेतला, तो बरगड्यांतून माझ्यापर्यंत आला.

"अगं, ही तर चर्चमधली!" नेल्केबाई म्हणाल्या. "लग्नात गुडघे टेकलेत मी हिच्यावर. दाराला लावलीस होय गं? नवऱ्यापेक्षा जास्त टिकली ही."

त्यानंतर योरिंदा बदलत गेली. एका वेळी एकच सूचना देऊ लागली. हात लावण्याआधी विचारू लागली. उताणं, कुशीवर, पोटावर, स्टुलावर बसून, जे नेल्केबाईंना जमेल तिथून ती सुरुवात करी. पाठ सरळ झाली नाही. सांगून ठेवते, ती कधीच सरळ झाली नाही. पण तिच्यात बळ आलं, मान उचलू लागली.

परीक्षा

संस्थेचं प्रमाणपत्र योरिंदाला अजून मिळायचं होतं. प्रमाणपत्र नाही तर हॉल नाही, असा करार. आपल्याच एका शिष्याला परीक्षकांसमोर शिकवून दाखवायचं होतं. योरिंदाने नेल्केबाईंना बोलावलं.

परीक्षक ब्रांडस्माबाई खुर्चीत ताठ बसल्या. कधीकाळी त्यांनीच योरिंदाला शिकवलं होतं.

"उशी काढ, योरिंदा. आपल्या पद्धतीत डोकं चटईवर असतं."

"काढली तर यांची मान दुखते."

"नियम तुझ्यासाठी वेगळा नाही. हवं तर दुसऱ्या शिष्याला बोलाव. पाठ सरळ असलेल्या. मी थांबते."

माझ्यावरचं डोकं हललं.

"बोलाव गं," नेल्केबाई हळूच म्हणाल्या. "मला राग नाही यायचा."

"मला येईल," योरिंदा म्हणाली. मग ब्रांडस्माबाईंकडे वळली. "मी यांनाच शिकवणार. उशीसकट."

"विचार करून बोल. हॉल जाईल."

"जाऊ दे."

"आणि बाई," नेल्केबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "वेळ जात नसेल तर या शेजारी झोपा. उशी मात्र माझी आहे."

ब्रांडस्माबाई झोपल्या नाहीत. पण पूर्ण वेळ बसून राहिल्या. योरिंदाने सगळं शिकवलं, आवाज न चढवता, प्रत्येक हालचालीनंतर थांबून, "कसं वाटतंय?" विचारत.

नापास.

हॉल गेला.

आता

आता आमचे वर्ग कंदांच्या गोदामात भरतात. मातीचा वास, पेट्यांच्या थप्प्या, हिवाळ्यात हात गोठतात. नेल्केबाई सायकलवरून येतात, आणि त्यांना रस्ता दिसतो. परवा म्हणाल्या, "या गावात एवढे खड्डे आहेत हे मला माहीतच नव्हतं."

मित्रांनो, माझा कोपरा शिवा. मला उन्हात घाला. पण शोभेसाठी कपाटात ठेवू नका, त्यापेक्षा दाराला लावलेली बरी. कुणाचं डोकं अधांतरी लोंबताना दिसलं, तर आधी त्याला विचारा आणि मग मला खाली सरकवा. मला कुबडी म्हणणारे भेटतील. म्हणू द्या.

वसंतात संस्थेची परीक्षा पुन्हा आहे. योरिंदाने नाव दिलं आहे. परीक्षक त्याच, नियम तोच. नेल्केबाई तीच वाकलेली पाठ घेऊन तिथे झोपणार आहेत, आणि त्यांच्या डोक्याखाली मी असणार आहे. या वेळीही नापास केलं, तर त्यापुढच्या वसंतात आम्ही तिघी पुन्हा जाऊ.