बॉनेटच्या खिडकीतला गंज

मित्रांनो, सगळे मला जुना म्हणतात, पण जुना म्हणावं इतकं माझं वय झालेलं नाही. मी एका जीपचा हेडर आहे. इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी चार तोंडांची नळी म्हणजे हेडर. सध्या मी किन्हवलीच्या रस्त्याला देवजीच्या गॅरेजबाहेर भंगाराच्या ढिगात पडलो आहे. मला हात लावाल तर बोटांना लाल पूड लागेल. तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी बोलत नाही. मला राग आला आहे. तो कोणाकोणावर आहे, हे तुम्हाला कळायला हवं.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साध्या लोखंडाच्या पातळ नळ्या वाकवल्या, वेल्डिंगने जोडल्या आणि वरून चंदेरी रंग मारला. तो रंग पुरता वाळलाही नव्हता, तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला, "अस्सल स्टील आहे. जन्मात गंज धरणार नाही." माझ्याबद्दल कोणीतरी बोललेलं ते पहिलं वाक्य. तेच खोटं होतं.

गिऱ्हाइकाचं नाव दिपेश. किन्हवलीजवळच्या एका गावातलं शेतकऱ्याचं घर. त्याचे वडील महादू वारले, तेव्हा मागे राहिली थोडी भातशेती, एक घर आणि पेट्रोलवर चालणारी एक जीप. दिपेश धाकटा, पंकज थोरला. दोघांनी शेताला बांध घातला, घराच्या मधोमध भिंत घातली. जीप काही कापता येईना. मग ठरलं, एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा. त्यांची आई हिराबाई, तिच्या जेवणाचंही तसंच ठरलं. हे ठरवताना तिला कोणी विचारलं नाही.

दिपेशला गाडी सजवायचा नाद. कारखान्यातून जीपला मिळालेला बिडाचा जाड भाग त्याने काढून टाकला आणि त्या जागी मला बसवलं. मी लोकांना दिसावा म्हणून त्याने बॉनेटला मोठी चौकोनी खिडकी कापली. मग जीप घेऊन तो मुरबाडला गेला. तिकडे हौशी लोकांच्या जीपगाड्या जमल्या होत्या. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. माणसं खिडकीतून वाकून मला बघत होती. पोरं माझ्याबरोबर फोटो काढत होती. दिपेशची बायको भाविका फडक्याने मला पुसत होती आणि मी उन्हात आरशासारखा चमकत होतो. 

त्यानंतर मला कोणी पुसलं नाही.

पुढचा आठवडा पंकजचा होता. अंगणात त्याने बॉनेटची खिडकी पाहिली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बापाच्या गाडीचं डोस्कं फोडलंय यानं! आन् आत काय घातलंय, तर भंगार!"

"तुझ्या आठवड्यात तू चालव ना गपगुमान," पलीकडून दिपेशचा आवाज आला.

पूर्वी तो त्याला दादा म्हणायचा. आता नुसतं 'तू' म्हणायचा.

मी धुराची नळी. इंजिन चालू झालं की तापून लाल व्हायचो, बंद झालं की थंड व्हायचो. त्या आगीत चंदेरी रंग कधीच जळून गेला आणि उघडं लोखंड वर आलं. बॉनेटला खिडकी, त्यामुळे पाऊस थेट अंगावर. दिपेश हौसेने ओढ्याच्या पाण्यात गाडी घालायचा आणि माझ्या अंगावर सुकलेला चिखल तसाच ठेवायचा. पंकजचं तर विचारूच नका. शेतातून आला की मोटारीचा पाइप धरायचा आणि मी तापलेला असतानाच माझ्यावर गार पाणी सोडायचा. मी चरचरायचो, वाफ उठायची. तो हसायचा. त्याचं भांडण भावाशी होतं. अंगावर मात्र मी झेलत होतो.

आधी तांबडे ठिपके आले, मग पापुद्रे सुटायला लागले. देवजीने ते पाहिलं आणि दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, "तारेच्या ब्रशनं घासून काढा, कोरडा करा, आगीत टिकणारा रंग मारा. आन् ती खिडकी झाका आधी. पाणी मारू नका."

दिपेश म्हणाला, "त्याच्या आठवड्यात करंल तो. पाणी तोच मारतो."

पंकज म्हणाला, "ज्याची हौस त्यानं करावं."

केलं कोणीच नाही. नाही कसं म्हणू, हिराबाईने केलं. एका दुपारी अंगणात कोणी नसताना ती राख आणि काथ्या घेऊन आली आणि तवा घासावा तशी मला घासत बसली. वर खोबरेल तेलाचा हातही फिरवला. ते तेल दुसऱ्या दिवशी जळलं, धूर झाला आणि दोन्ही मुलगे तिच्यावर ओरडले. त्या ओरडण्यात तेवढं दोघांचं एकमत झालं. तिचा उपाय चुकीचाच होता. पण पुसायला म्हणून माझ्याजवळ आलेला तो शेवटचा हात.

थंडी सुरू झाली तेव्हा माझ्या मागच्या वळणावर, वेल्डिंगशेजारी, गंजाने लोखंड खाल्लं आणि चीर पडली. इंजिन चालू झालं की त्या चिरेतून टिक टिक असा आवाज यायचा. तो आठवडा पंकजचा होता. त्याने गाडी देवजीकडे नेली. देवजीने बॅटरी धरून पाहिलं.

"हा फुटलाय. पायापाशी वायरी जातात ना, त्या भोकाचं रबर बी गळून गेलंय. धूर गाडीच्या आत येतोय. ह्या धुराचा वास येत नाय धड, पण मानूस निजला की उठत नाय. गाडी उभी करून ठेव."

"उद्यापासून त्याची पाळी हाय," पंकज म्हणाला.

"मग त्याला सांग."

"तू सांग की."

"मी कशाला? माझ्याकडून घेतला काय त्यानं हा? भिवंडीवाल्याला विचारू दे." देवजीलाही राग होताच. आपल्याला न विचारता दिपेशने मला आणलं, हे त्याच्या मनात सलत होतं.

पंकजने गाडी अंगणात आणून लावली आणि किल्ली भिंतीवर ठेवली. नेहमीसारखीच, एक शब्दही न बोलता.

दुसऱ्या दिवशी म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा होती. सकाळी कडाक्याची थंडी, धुकं दाटलेलं. दिपेशने जीपचे ताडपत्रीचे पडदे चारी बाजूंनी आवळून बांधले. भाविका पुढे बसली. जत्रेत घोंगडी विकत घ्यायची म्हणून हिराबाई मागे बसली आणि तिच्यामागून पंकजची मुलगी नेहा धावत आली. "आजी, मी पन येनार!" मोठ्यांच्या भांडणाशी तिला काय देणंघेणं? ती आजीच्या कुशीत शिरली.

पंकज ओट्यावर दात घासत उभा होता. त्याचा हात तोंडाशीच थांबला.

"आये, तू नको जाऊ," तो म्हणाला. "नेहाला पन उतरव."

"का रे?"

मित्रांनो, त्या वेळी मी माझ्या चिरेतून टिक टिक करत होतो. याहून मोठ्याने मला बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं. पण दिपेश मध्येच बोलला, "माझ्या पाळीला आयेनं गाडीत बसायचं नाय, असा कायदा हाय काय तुझा?"

पंकजने भावाकडे पाहिलं. त्याचे ओठ आवळले गेले. "जा, जा तिकडं," असं म्हणून तो आत वळला.

आम्ही निघालो. म्हशाच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. बैलांचे टेम्पो, ट्रक, पाळण्यांचं सामान, सगळं एका जागी अडकलेलं. जीप उभी, इंजिन चालू, पडदे बंद. माझ्या चिरेतून धूर सरळ आत जात होता. दिपेश पुढे काय झालं ते बघायला सारखा खाली उतरत होता. भाविकाने आपल्या बाजूचा पडदा जरा सैल केला होता. मागे मात्र हवाच नव्हती.

"आजी, डोस्कं दुखतंय," नेहा म्हणाली.

"थंडी बाधली आसंल. नीज जरा," हिराबाई म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता.

नंतर मागून कोणी बोललंच नाही. बऱ्याच वेळाने भाविकाने मागे वळून हाक मारली, "आई! ओ आई!" आणि मग ती किंचाळली. शेजारच्या टेम्पोतून हनुमान नावाचा एक बैलवाला उडी मारून आला. त्याने विळ्याने ताडपत्री फाडली. "गाडी बंद कर रे! बंद कर आधी! पोरीला वाऱ्यावर घे!"

नेहाला गवतावर ठेवलं तशी ती ओकली आणि रडायला लागली. ती रडली म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हिराबाई रडली नाही, हलली नाही. तिला दुसऱ्या गाडीत घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. मी रस्त्याकडेला तापलेला उभा होतो आणि बैल माझ्या जवळून चालले होते.

हिराबाई वाचली. घरी आली तेव्हा तिचा उजवा हात कापत होता आणि बोलताना मध्येच तिला शब्द सापडत नव्हते. जीप दोर बांधून आधीच घरी आणली होती. देवजी अंगणात येऊन जीपखाली शिरला आणि माझी चीर त्याने दिपेशला दाखवली.

"ही जुनी हाय?" दिपेशने विचारलं.

"जत्रंच्या आधीची."

"मग मला का नाय सांगितलं?"

देवजी बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "पंकजला सांगितलं व्हतं मी."

पंकजची बायको संजीवनी तिथेच तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, नेहाला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दिपेश पाना उचलून भावाच्या अंगावर धावला.

"बस खाली!" हिराबाई ओट्यावरून ओरडली. मग तिने पंकजकडे पाहिलं. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मी गाडीत बसले तवा तू हितंच उभा व्हतास."

"आये, मला वाटलं..."

"तुझी पोर व्हती रे माझ्या मांडीवर."

हिराबाई दिपेशकडे वळली. "आन् तू? गावाला दाखवायला आनलास ना ह्याला? मंग येक दिस तरी पुसलास काय?"

दिपेशने पाना जमिनीवर टाकला.

देवजीने मला सोडवलं आणि इथे आणून फेकलं. त्याच आठवड्यात हिराबाई उंबरमाळीला आपल्या बहिणीकडे, मंगळीकडे, राहायला गेली. गॅरेजसमोरच एसटीचा थांबा आहे. ती औषधाला किन्हवलीला येते तेव्हा मला दिसते. परवा ती थांब्यावर उभी असताना पंकजची मोटरसायकल येऊन थांबली.

"आये, बस. सोडतो मी तुला."

तिने गाडीकडे वरून खाली पाहिलं. "ब्रेक बघितलेस?"

त्याने ब्रेककडे पाहिलं.

"टायर?"

तेवढ्यात शहापूरची एसटी आली. कापऱ्या हाताने दांडी धरून हिराबाई चढली. कंडक्टरने तिला पुढची जागा दिली. पंकज मोटरसायकल तशीच रस्त्यात सोडून चाकापाशी बसला आणि टायर दाबून बघायला लागला. एसटी केव्हाच निघून गेली होती.

मित्रांनो, मला आता घासू नका, माझ्यात घासण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुमच्या दारात जी गाडी उभी असेल, तिच्या उघड्या लोखंडाकडे जरा बघा. गंज दिसला तर त्याच दिवशी ब्रश घ्या, कोरडं करा, रंग मारा. इंजिनातून नवा आवाज आला तर ऐका, आणि गाडी ज्याच्या हातात जाणार त्याला सांगा. त्याच्याशी तुमचं बोलणं बंद असेल, तरीसुद्धा सांगा. त्याला सांगून झाल्यावर हवं तर पुन्हा अबोला धरा.